पाण्यातलं घर आणि चौदा एमबी

विमा कंपनीच्या सर्व्हेअर साहेबांचा मेल तीन ओळींचा होता. घरात पाणी शिरलेलं असतानाचा व्हिडिओ असल्यास पाठवा. लिंक नको, मेललाच जोडा. आकार २० एमबीच्या आत ठेवा.

माझ्या मोबाइलमध्ये दोन व्हिडिओ होते. एक रात्रीचा, साडेचार मिनिटांचा, ५७४ एमबी. दुसरा सकाळी पाणी ओसरल्यावर काढलेला, तीन मिनिटं दहा सेकंदांचा, ४०४ एमबी. दोन्ही मिळून ९७८. म्हणजे साहेबांनी दिलेल्या जागेच्या जवळजवळ पन्नास पट.

आमचं घर अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर. नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. आदल्या दिवशी, शुक्रवारी, महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. पाहुणे रात्री उशिरा गेले, आम्ही खरकटी भांडी मोरीत तशीच ठेवून झोपलो. मध्यरात्रीनंतर जो पाऊस सुरू झाला, तो चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी पात्र सोडून आमच्या गल्लीत आली. मला जाग आली तेव्हा पाय खाली टाकला तो थेट पाण्यात. वीज गेलेली. हिच्या हातात बॅटरी, माझ्या हातात मोबाइल. त्या वेळी व्हिडिओ काढायचं कसं सुचलं ते अजून कळत नाही. आधी मुखवटे उचलून माळ्यावर ठेवले, मग रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, एवढं आठवतं.

सर्व्हेअर आले आठव्या दिवशी. त्यांना दोष देत नाही, त्या आठवड्यात आमच्या भागात एकेका सर्व्हेअरच्या माथी कितीतरी घरं होती. पण ते आले तोवर आम्ही चिखल उपसून, फरशी तीनतीनदा धुऊन घर बसण्याजोगं केलं होतं. "पाणी नेमकं कुठपर्यंत होतं?" त्यांनी विचारलं. मी भिंतीवर हात ठेवून दाखवला. त्यांनी हात पाहिला, भिंत पाहिली, आणि संध्याकाळी तो तीन ओळींचा मेल आला.

पहिला उपाय मी तोच केला जो माझ्या वयाचा कोणीही करील. झिप. राइट क्लिक, कॉम्प्रेस, आणि चहा. चहा संपेपर्यंत ५७४ ची फाइल ५७१ झाली. बँकेत असताना मोठमोठ्या एक्सेल फाइली झिप करून मी चौथाईवर आणलेल्या आहेत, त्यामुळे मला वाटलं लॅपटॉपच बिघडला. (तो कपाटावर होता म्हणून वाचलेला, पण आठ दिवस घरात नुसती ओल.) लॅपटॉप ठीक होता. झिप हे फाइलमधली पुनरुक्ती शोधून ती थोडक्यात लिहितं. एक्सेलमध्ये पुनरुक्ती भरपूर असते. व्हिडिओतली मात्र मोबाइलने रेकॉर्ड करतानाच काढून टाकलेली असते. पिळलेलं धुणं पुन्हा पिळून किती पाणी निघणार?

दुसरा उपाय इंटरनेटवरच्या एका फुकट साइटचा. फाइल चढवा, बारीक होऊन मिळेल. घरातलं ब्रॉडबँड बंद होतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ५७४ एमबी चढवायला घेतले. तीस टक्क्यांवर गेल्यावर मीच थांबवलं. नेट संथ होतं म्हणून नाही. त्या व्हिडिओत आमचं अख्खं घर आहे. कपाट उघडं, देवघर उघडं, हिच्या अंगावर घरातलेच कपडे. ते कोणाच्या तरी अनोळखी कॉम्प्युटरवर जाऊन बसणार हे लक्षात आलं आणि हात आवरला. फुकट म्हणणाऱ्यांच्या तळघरात काय साठतं हे आपल्याला दिसत नाही.

तिसरा उपाय मुलीने पुण्याहून सुचवला. व्हॉट्सअॅपवर मला पाठवा, ते आपोआप बारीक होतं, मग तेच मेलला जोडा. हे खरोखर झटपट झालं. पण आलेल्या व्हिडिओत फ्रिज आहे की कपाट हे मला सांगावं लागत होतं, आणि मला घर पाठ आहे म्हणून सांगता येत होतं. शिवाय फाइलच्या नावात तारीख पडली ती पाठवल्याच्या दिवसाची, पुराच्या दिवसाची नाही. विम्याच्या कामात असा घोळ कोण ओढवून घेईल! मूळ फाइल मात्र हात न लावता ठेवली होती, हे त्या सगळ्या दिवसांतलं माझं एकमेव शहाणपण.

शेवटी मनीषनगरहून भाचा आला. येताना तर्री-पोहे घेऊन आला, कारण आमची शेगडी अजून दुरुस्तीला होती.

"मामा, तुम्ही झिप काऊन करून राहिले?" हे त्याचं पहिलं वाक्य.

त्याने लॅपटॉपवर हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. गाडीच्या हँडब्रेकशी त्याचा संबंध नाही. २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि फाइल घरच्या घरीच बारीक करतं, कुठे पाठवत नाही. माझा निम्मा प्रश्न तिथेच सुटला. रात्रीचा व्हिडिओ त्यात ओढला, तयार सेटिंग्जमधून ४८०पी, म्हणजे ४८० ओळींचं लहान चित्र, निवडलं, दर्जाचा आकडा आरएफ २२ वर होता तो तसाच ठेवला आणि स्टार्ट दाबलं. पोहे खाऊन होईस्तोवर फाइल ४३ एमबीची झाली. ५७४ वरून ४३! मी खूश. भाचा मात्र वैतागला.

"एवढी मोठी यायला नाही पाहिजे. मागच्या महिन्यात मी आजोबांची मुलाखत घेतली ना, तेवढ्याच वेळाची, याच सेटिंगवर, ती पंधरात बसली."

याचं कारण त्याने सांगितलं ते मला फार आवडलं. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला तीस फोटो, पण तीसच्या तीस फोटो पूर्ण साठवले जात नाहीत. एक चित्र पूर्ण ठेवायचं, आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहायचं. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे, आणि हा चौकोन तिथून इथे सरकला एवढीच नोंद करायची. आजोबा खुर्चीत बसले आहेत, मागे भिंत, हलतात ते फक्त ओठ आणि कधीमधी हात. नोंद करायला फारसं काही नाही. आमच्या व्हिडिओत काय होतं? पाणी. त्याच्यावर बॅटरीचा झोत. प्रत्येक लाटेवर तो झोत नव्याने फुटतो, एकाही चौकोनाला आधीच्या चौकोनाचा आधार नाही. त्यात माझा हात थरथरतोय, म्हणजे भिंतीसुद्धा जागेवर नाहीत. आणि अंधार. अंधारात मोबाइलचा कॅमेरा जीव ओढून प्रकाश गोळा करतो, तेव्हा चित्रावर बारीक दाणे वळवळतात. आपल्या डोळ्यांना ते कळतही नाहीत, पण सॉफ्टवेअर त्या प्रत्येक दाण्याला हालचाल समजून इमानदारीने लिहून ठेवतं. म्हणजे बारीक करायला सर्वांत अवघड असं जे जे असतं, ते सगळं एका पहाटेत आमच्या दिवाणखान्यात जमलं होतं.

आरएफचा दोष असा की तो दर्जा कायम ठेवतो आणि आकार वाऱ्यावर सोडतो. आम्हाला उलटं हवं होतं. मग भाच्याने अॅव्हरेज बिटरेट नावाचा पर्याय घेतला, आणि इथे माझी बँकेतली पंचवीस वर्षं कामी आली, कारण हा निव्वळ हिशेब आहे. आकार म्हणजे दर सेकंदाचा खर्च गुणिले सेकंद. बाकी सगळी सेटिंग्ज त्या खर्चात काय काय भागवायचं याची. १८ एमबी ठेवायचे म्हटलं तर १८ गुणिले ८ गुणिले १०००, म्हणजे १,४४,००० किलोबिट (एका बाइटचे आठ बिट, म्हणून आठ). व्हिडिओ २७० सेकंदांचा. भागिले, दर सेकंदाला ५३३ किलोबिट. त्यातले ६४ आवाजाला, उरलेले ४६९ चित्राला. ४६९ हा आकडा चौकटीत टाकला, खाली टू-पासवर टिक केली.

हे टू-पास काय, तर सॉफ्टवेअर व्हिडिओ दोनदा पाहतं. पहिल्यांदा नुसतं बघून घेतं की कुठे अवघड आहे, कुठे सोपं. दुसऱ्यांदा त्या अंदाजाने किलोबिट वाटतं. "म्हणजे आधी पंगतीत पानं मोजायची आणि मग पुरण वाढायचं," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. इतकं बरोबर मला सांगता आलं नसतं.

फाइल झाली, १८ एमबीच्या किंचित आत. मेलला जोडली, पाठवली. दोन मिनिटांत परत. मेलर-डेमनचं, म्हणजे न पोचलेला मेल परत करणाऱ्या यंत्रणेचं पत्र, त्यात ५५२ हा आकडा आणि खाली मजकूर, संदेशाचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे.

मी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने लॅपटॉपकडे. अठरा वीसपेक्षा मोठे कधीपासून झाले?

हे कोडं सुटायला अर्धा तास गेला, आणि खरं सांगायचं तर हा अर्धा तास वाचावा म्हणूनच मी हे लिहायला बसलो. ईमेल ही मुळात मजकूर पाठवायची व्यवस्था. फोटो, व्हिडिओ असलं काही तिला सरळ पचत नाही. म्हणून जोडलेली फाइल आधी अक्षरांत उतरवली जाते. या पद्धतीला बेस६४ म्हणतात, चौसष्ट ठरावीक अक्षरं असतात. फाइलच्या तीन बाइटची चार अक्षरं होतात, वर दर ७६ अक्षरांनी ओळ मोडते. सगळं मिळून माल साधारण ३७ टक्क्यांनी फुगतो. आमचे अठरा एमबी वाटेत साडेचोवीस झाले होते. समोरच्याचा दरवाजा वीसचा. ते सामान दारातूनच परत आलं. जीमेलवरून पाठवताना २५ एमबीपर्यंत जोडता येतं हे आपल्याला माहीत असतं, पण आपल्या दारातून सामान बाहेर पडणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारातून आत जाणं वेगळं. २० भागिले १.३७, म्हणजे साडेचौदा. काठावर कशाला जा, म्हणून १४ धरले.

चौदाचा हिशेब मांडला. १,१२,००० भागिले २७०, सेकंदाला ४१५ किलोबिट. आवाज वजा जाता ३५१. पुन्हा फाइल केली. ती उघडून पाहिली तेव्हा पाणी म्हणजे करड्या रंगाच्या लाद्या झाल्या होत्या. लाद्या एकमेकींवरून घसरत होत्या. सोफा अधूनमधून दिसत होता. भिंतीवर पाणी कुठवर आलंय, जे दाखवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच दिसत नव्हतं.

भाचा म्हणाला, एच.२६५ या नव्या पद्धतीने करून पाहू, ते निम्म्या जागेत तेवढाच दर्जा देतं. करता आलं असतं. पण समोर सरकारी थाटाचं ऑफिस, तिथला कॉम्प्युटर कधीचा कोणास ठाऊक. विंडोजवर ते चालायला बऱ्याचदा वेगळी जोडणी टाकावी लागते. साहेबांच्या पडद्यावर काळी चौकट आली असती तर ते फोन करून विचारणार होते थोडेच! जुनं ते सोनं म्हणून एच.२६४ वरच राहिलो. ते सगळीकडे चालतं.

मग राहिला एकच उपाय, सेकंद कमी करायचे.

इथे मी अडलो. हिशेबात नाही, कापण्यात. भाचा सहज म्हणाला, "मामा, यातलं कामाचं किती आहे?" मी व्हिडिओ पहिल्यापासून बघायला बसलो. पुरानंतर तो अख्खा पहिल्यांदाच बघत होतो. सुरुवातीचा दीड मिनिट नुसता गोंधळ, छताचे, माझ्या पायांचे शॉट. मग दिवाणखाना. महालक्ष्म्या बसवल्या होत्या त्या चौरंगाची वरची कड तेवढी पाण्याबाहेर, साड्या पाण्यावर पसरलेल्या, फुलोऱ्यातली एक करंजी तरंगत चाललेली. पुढे स्वयंपाकघर, फ्रिज तिरका होऊन दाराला टेकलेला. मग पुन्हा देवघराकडे, तिथे मी बराच वेळ थांबलोय, का ते आठवत नाही. शेवटी जिन्यावर. विमा कंपनीला यातलं काय हवं? चौरंग नको, करंजी नको, देवघर नको. सोफा, टीव्हीचं टेबल, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, आणि पाण्याची पातळी.

कागदावर वेळा लिहून काढल्या. दिवाणखान्याचे ४८ सेकंद. स्वयंपाकघराचे ४०. सकाळच्या व्हिडिओतले ७५, ज्यात ओल्या भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली आणि एकेका वस्तूजवळ मी थांबत गेलो आहे.

"आता हे तिन्ही जोडायचे कशात?" मी विचारलं. कारण हँडब्रेकमध्ये रेंजच्या जागी सेकंद निवडून सुरुवात आणि शेवट देता येतो, पण एकसलग तुकडाच निघतो, तीन तुकड्यांची माळ ओवता येत नाही.

"जोडायचे कशाला? एकच मेल पाठवा असं त्यांनी कुठं लिहिलं?"

मी मेल पुन्हा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं. तीन मेल, प्रत्येकाला स्वतःचे चौदा एमबी. हे इतकं सरळ होतं की मला थोडा रागच आला. ४८ सेकंदांना १,१२,००० किलोबिट, म्हणजे सेकंदाला २,३०० च्या वर. कुठे ३५१ आणि कुठे २,३००! ४८०पी वरून ७२०पी वर गेलो, तरी पाणी पाण्यासारखं दिसायला लागलं. मग अख्खा व्हिडिओच सहा तुकड्यांत का नाही पाठवला, असं कोणी विचारील. पाठवता आला असता. पण जो माणूस दिवसभर लोकांची भिजलेली घरं बघतोय तो संध्याकाळी माझ्या पायांचे शॉट बघणार नाही, आणि पहिल्या मेलमध्ये पाय दिसले तर दुसरा उघडणारही नाही.

रात्रीच्या दोन तुकड्यांवर भाच्याने फिल्टर्समधून डीनॉइज हलकं लावलं, एनएलमीन्स म्हणून पर्याय आहे. त्याने अंधारातले ते वळवळणारे दाणे पुसले जातात, आणि वाचलेले किलोबिट खऱ्या चित्राला मिळतात. जुन्या लॅपटॉपला त्याने घाम फुटला, ४८ सेकंदांच्या तुकड्याला पाऊण तास. सकाळच्या तुकड्याला मात्र मी ते लावू दिलं नाही. दाण्यांबरोबर भिंतीवरची चिखलाची फिकट रेघही पुसली गेली असती, आणि आमचा सगळा दावा त्या रेघेवर उभा.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागे मॉडेल नंबरची पट्टी असते. ती व्हिडिओत मूळ फाइलमध्येही जेमतेम वाचता येत होती. तिचे साधे फोटो काढले आणि चौथ्या मेलने पाठवले. व्हिडिओकडून फोटोचं काम करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतं.

आवाजाचं राहिलं. जागा कमी होती तेव्हा भाचा म्हणत होता आवाज काढून टाका, सहावा हिस्सा त्यातच जातोय. तीन मेल केल्यावर जागेचा प्रश्नच उरला नव्हता. तरी मी ऑडिओच्या टॅबमध्ये जाऊन तो ट्रॅक काढला. दिवाणखान्याच्या तुकड्यात बाविसाव्या सेकंदाला ही बोलली आहे. महालक्ष्म्यांना उद्देशून बोलली आहे, आणि ते विमा कंपनीने ऐकायचं कारण नाही. मूळ फाइल आवाजासकट बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. एक प्रत मुलीकडे पुण्याला.

विषयाच्या ओळीत पॉलिसी क्रमांक आणि पुढे १/४, २/४ असं लिहून चारही मेल पाठवले. दहा मिनिटं आम्ही दोघं इनबॉक्सकडे बघत बसलो. मेलर-डेमन आला नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. व्हिडिओ मिळाले, पाण्याची पातळी दिसते, फ्रिज खरेदीचं मूळ बिल पाठवावे.

बिलं आम्ही एका निळ्या फाइलमध्ये ठेवायचो, कपाटाच्या खालच्या खणात. मी उत्तर लिहिलं की बिल पहिल्या मेलमधल्या व्हिडिओत आहे, एकतिसाव्या सेकंदाला सोफ्याच्या डाव्या बाजूने दाराकडे जाताना दिसेल.